काटा सगळ्यांसमोर हवा



कापूस विकायला गेलेल्या माणसाला विश्वास म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. गाडी जिनिंगच्या फाटकात उभी राहते. काटा कुठे आहे, आकडा कोण वाचतो, ओल कशी पाहिली, कटती कोणी ठरवली, या चार गोष्टींवरून पुढच्या वर्षी त्या फाटकात जायचे की नाही ते ठरते. मालक गोड बोलतो म्हणून गेलेला माणूस एकदाच जातो. मालक पाहुण्यातला आहे म्हणून गेलेला दोनदा जातो. जिथे काट्याचा आकडा डोळ्यांना दिसतो तिथे भाव थोडा कमी असला तरी गाड्यांची रांग लागते.

हे सगळे आज आठवायचे कारण मात्र कापूस नसून ऊन आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कोरडवाहू गावांतून तीन नवी माणसे फिरू लागली आहेत. एक सौरपंप बसवून देणारा. दुसरा सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागणारा. तिसरा पऱ्हाटी विकत घेऊन तिचा पांढरा कोळसा करणारा. तिघांच्याही हातात छापील कागद असतात, तिघेही मोबाईलवर फोटो दाखवतात, आणि विचारपूस केली तर तिघेही गावातल्या कोणाचे तरी साडू, मेव्हणे किंवा भाचेजावई निघतात. या धंद्यात नवी माणसे यावीत, आपली पोरेही उतरावीत, याला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. प्रश्न एवढाच आहे की या माणसांवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

सौरपंपाचेच पाहा. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकीचे सरकार भरणार, असे ठरले. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत ५ चा, त्याच्या वर साडेसातचा. पाच वर्षे दुरुस्तीची हमी. योजना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रात्री दोन वाजता लाईट येते म्हणून थंडीत बांधावर बसणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळत असेल तर त्याने ते का घेऊ नये? पण पैसे भरल्यावर शेतकऱ्यापुढे कंपन्यांची यादी येते आणि तीतून एक नाव निवडायचे असते. नेमके इथे घोडे पेंड खाते. यादीत नावे आहेत. त्या नावाचा पंप मागच्या उन्हाळ्यात किती दिवस चालला, बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी आला, वादळात उडालेल्या पाट्यांचा विमा कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, यातले अक्षरही यादीत नाही. मग शेतकरी काय करतो? साडूला विचारतो. आणि साडू त्याच कंपनीकडून कमिशन घेत असतो.

जमिनीच्या भाड्याचा व्यवहार तर याहून मोठा आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या २०२३ सालच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठरला. मुरमाड हेक्टरातून कापूस काढून खर्च वजा जाता हाती काय राहते हे ज्याला माहीत आहे, त्याचे डोळे या आकड्याने दिपले तर त्याला दोष देता येणार नाही. पण हा करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. आज दोन वर्षांची असलेली नात तो संपेपर्यंत संसाराला लागलेली असेल. एवढ्या लांबच्या व्यवहारात समोरचा माणूस कोण आहे, त्याने आधी कुठे काय केले, त्याचे भाडे घेणारे दुसऱ्या तालुक्यातले लोक काय म्हणतात, हे न विचारता अंगठा उठवणे म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून पेरणी करणे आहे. शिवाय या धंद्यात तोतयेही कमी नाहीत. सौरपंपांच्या केंद्रीय योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईट काढून नोंदणीचे पैसे उकळणारे इतके झाले, की दिल्लीच्या मंत्रालयाला २०१९ पासून वारंवार जाहीर इशारे द्यावे लागले.

असा प्रसंग आपल्यावरच आला आहे असे नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो डेन्मार्कच्या शेतकऱ्यांवर आला होता आणि त्यांनी त्यातून जी वाट काढली ती आपल्या जिल्ह्याने नीट समजून घेण्यासारखी आहे. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

डेन्मार्क हा आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी लोकवस्तीचा देश. दूध, लोणी आणि डुकराचे मांस विकून पोट भरणारा. १९७३ साली अरबांनी तेलाचा नळ आवळला तेव्हा या देशाची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालत होती. सरकारच्या मनात अणुवीज होती. वीज कंपन्यांच्याही होती. खेड्यापाड्यातल्या काही लोकांना ती नको होती, पण नुसते नको म्हणून दिवे लागत नाहीत हेही त्यांना कळत होते. वारा मात्र तिथे फुकट आणि भरपूर. आस्कोव नावाच्या गावातल्या लोकशाळेत पाउल ला कूर या मास्तराने १८९१ सालीच वाऱ्यावर वीज काढून दाखवली होती. पुढे योहानेस यूल या इंजिनिअरने १९५७ साली गेडसर इथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. ती दहा वर्षे चालली आणि तेल स्वस्त झाल्यावर बंद पडली.

१९७५-७६ साली क्रिस्टियान रीसागर नावाच्या सुताराने यूलचा नमुना डोळ्यापुढे ठेवून २२ किलोवॅटची पवनचक्की बनवली. लाकूड, ट्रकचे सुटे भाग आणि बाजारात मिळणारी मोटर. ती चालली. मग शेजारचे लोहार, गॅरेजवाले, मास्तर, विद्यार्थी या कामाला लागले. उल्फबोर्गजवळच्या ट्विंड शाळेतल्या मास्तरांनी आणि स्वयंसेवकांनी १९७८ साली ५४ मीटर व्यासाची अवाढव्य पवनचक्की फिरवली आणि पाती कशी ओतली ते विचारायला येणाऱ्या सर्वांना दाखवले. एरिक ग्रोव-नील्सन नावाच्या तरुणाने फक्त पाती बनवून विकायचा धंदा काढला, त्यामुळे गावच्या लोहाराला बाकीचा सांगाडा घरी जमवता येऊ लागला. कार्ल एरिक योर्गन्सन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडाल हा पोरसवदा विद्यार्थी यांनी मिळून एक नमुना बनवला. १९७९ साली तो वेस्टास कंपनीने बनवायला घेतला. ही वेस्टास कोण? १८९८ साली लेम गावात सुरू झालेला लोहाराचा भाता. पुढे शेतीच्या ट्रॉल्या आणि क्रेन बनवू लागली. बोनस ही दुसरी कंपनी पिकाला पाणी देण्याची साधने बनवणाऱ्यांच्या घरातली, नोर्डटँक ही टाक्या बनवणारी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वखर-तिफण-ट्रॉलीवाल्यांनी पवनचक्क्या केल्या.

आता हे सगळे होत असताना त्यांच्यात विश्वास कुठून आला? पहिल्या चक्क्या काही धड नव्हत्या. वादळात बेफाम फिरून मोडल्या, पाती उडाली, गिअरबॉक्स फुटले. कर्ज काढून चक्की घेतलेल्या शेतकऱ्याला हे म्हणजे ऐन फुलोऱ्यात गारपीट. अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, बनवणारा दुसऱ्या तालुक्यात जाऊन तीच चक्की विकतो, आणि दोन वर्षांत सगळा धंदाच बदनाम होतो. आपल्याकडे किती चांगल्या गोष्टी अशा मेल्या याची यादी प्रत्येकाने आपापल्या गावापुरती करावी.

डेन्मार्कमध्ये दुसरे घडले. बनवणारे, घेणारे आणि घेऊ इच्छिणारे ठराविक काळाने एकत्र जमू लागले. या बैठकांत मोडलेले भाग टेबलावर ठेवले जात. कोणता वेल्ड कुठे तुटला हे लोहार लोहाराला सांगे, कारण आज याचा तुटला तो उद्या आपला तुटणार हे त्याला ठाऊक असे. १९७८ साली चक्क्यांच्या मालकांनी आपला संघ काढला. संघाचे मासिक होते. त्या मासिकात दर महिन्याला कोणत्या गावच्या, कोणत्या कंपनीच्या चक्कीने किती युनिट काढले आणि कोणाची काय मोडतोड झाली, याचे तक्ते छापून येत. नावानिशी. कंपनीच्या जाहिरातीत काय लिहिले आहे याला मग किंमत उरली नाही. नवी चक्की घेणारा माणूस आधी तक्ता पाही आणि मग त्या गावी जाऊन मालकाच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत विचारपूस करी. एवढेच करून संघ थांबला नाही. वाऱ्याने एक ब्रेक निकामी झाला तर दुसरा स्वतंत्र ब्रेक हवाच, हा आग्रह मालकांच्या संघाने धरला आणि बनवणाऱ्यांना तो मानावा लागला.

आम्हाला या सगळ्या कथेत हा तक्ता सर्वात मोलाचा वाटतो. कृषी विद्यापीठात आम्हाला वाणांच्या चाचण्यांचे तक्ते करायला शिकवले होते. एकच वाण दहा ठिकाणी पेरा, सगळीकडचे उत्पन्न लिहा, चांगले लिहा तसे वाईटही लिहा. ती चाचणी सरकारी शेतावर होते आणि तिचा अहवाल कपाटात जातो, ही गोष्ट वेगळी. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी तीच चाचणी स्वतःच्या बांधावर केली आणि अहवाल सगळ्यांच्या घरी पाठवला. तक्त्यात सगळ्यांचेच आकडे आल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. नुकसान झालेल्याची लाज गेली. माझी चक्की महिनाभर बंद होती हे सांगण्यात कमीपणा राहिला नाही, कारण शेजाऱ्याची तीन आठवडे बंद होती हेही छापून आले होते.

सरकारनेही आपला वाटा उचलला, आणि तो शहाणपणाने उचलला. १९७९ पासून चक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान मिळू लागले. पण रीसो इथल्या तपासणी केंद्राने पास केलेल्या नमुन्यालाच ते मिळे. पुढे अनुदान पायरीपायरीने कमी करत १९८९ साली बंद केले. तोवर चक्क्या स्वतःच्या पायावर उभ्या होत्या.

मालकीही पाहण्यासारखी होती. एका चक्कीचे भाग पाडत, वर्षाला १००० युनिट म्हणजे एक भाग अशा हिशोबाने. गावातल्या कुटुंबांनी आपल्या वापराच्या मापात भाग घ्यायचे. सुरुवातीला तर भागधारक चक्कीच्या आसपास राहणाराच असला पाहिजे असा नियम होता. मंडळीने कर्ज काढायचे नाही, ज्याला लागेल त्याने स्वतःच्या नावाने काढायचे, म्हणजे एकाच्या थकबाकीत दुसरा बुडणार नाही. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या इतिहासातली किती दुखणी या एका नियमात टळली असती, याचा विचार जुन्या सभासदांनी करावा. शतक संपेपर्यंत लाखभराहून अधिक डॅनिश कुटुंबांचे पवनचक्क्यांत भाग होते. २००० साली कोपनहेगनच्या किनाऱ्यालगत समुद्रात मिडलग्रुंडेन इथे २० चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातली निम्मी मालकी साडेआठ हजारांच्या आसपास भागधारकांच्या सहकारी मंडळीची.

कोणी म्हणेल, ते लोक मुळात प्रामाणिक, आपल्याकडे कसे जमायचे? आम्हाला हे पटत नाही. त्याच काळात शेजारच्या जर्मनीत, म्हणजे कामाच्या शिस्तीबद्दल ज्यांचे नाव निघते त्या देशात, मोठ्या कंपन्यांनी आणि शास्त्रज्ञांनी ग्रोवियान नावाची ३ मेगावॅटची पवनचक्की १९८३ साली उभी केली. सरकारचा पैसा, उत्तम डोकी. ती सारी मिळून चारशे-साडेचारशे तास चालली आणि १९८८ साली मोडीत निघाली. तिथल्या लोकांची नियत खोटी नव्हती. पण चक्की बनवणारा आणि ती रोज चालवणारा यांच्यात बोलणे नव्हते, आणि शंभर लहान चक्क्यांच्या चुका एकमेकांना सांगून शिकण्याची सोय तिथे नव्हती.

डेन्मार्कचे पुढे सगळे गोडच झाले असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९८० नंतर पवनचक्क्यांवर करसवलतींची खैरात केली, डॅनिश कारखान्यांनी तिकडे चक्क्यांचा लोंढा पाठवला, सवलत संपली आणि १९८६ साली वेस्टाससारखी कंपनी दिवाळखोरीत गेली, मग नव्याने उभी करावी लागली. चक्क्या मोठ्या झाल्या, किंमत कोटीत गेली, गावच्या मंडळ्या मागे पडून पैसेवाले पुढे आले, आणि ज्या गावांनी पूर्वी चक्की हौसेने आणली तिथेच विरोध सुरू झाला. शेवटी २००९ साली सरकारला कायदा करावा लागला, की नव्या प्रकल्पाने २० टक्के मालकी साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करावी. म्हणजे जे आधी गावकऱ्यांनी आपणहून केले होते ते कायद्याने पुन्हा रुजवण्याची वेळ आली. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे, तिचा पाया मात्र त्या जुन्या तक्त्यांनी घातला.

आता आपल्या राज्यात या. १९९०च्या दशकाच्या शेवटी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहिले. वारा चांगला, यंत्रे चांगली. पण मालक कोण? ज्यांना आयकर वाचवायचा होता ते. यंत्राची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येत असे. चक्की उभी राहिली की मालकाचे अर्धे काम झाले. ती किती फिरली याची त्याला डेन्मार्कच्या शेतकऱ्याइतकी ओढ कशी असणार? युनिटमागे ५० पैसे द्यायची योजना केंद्राने आणली तीही २००९ साली. पठारावरच्या शेतकऱ्याकडे जमीन होती, ती बहुतेक विकली गेली. त्याच्या घरावरून पात्याची सावली रोज फिरते, पण त्या पात्याने या महिन्यात किती युनिट काढले हे विचारण्याचा हक्क त्याला नाही आणि विचारावे कोणाला तेही ठाऊक नाही. एकाच यंत्राने डेन्मार्कमध्ये माणसे जोडली. इथे डोंगरावर यंत्रेच तेवढी आली.

गुजरातेतले एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपवाल्यांची सहकारी मंडळी काढली. आधी ते डिझेलवर पाणी काढत. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने बराचसा खर्च उचलला, हे आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर लोक घरी जाऊन हिशोब करतील आणि तो जुळणार नाही. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज मंडळीने वीज कंपनीला विकायची, २५ वर्षांचा करार, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्या बदल्यात सभासदांनी वीजजोडणी मागण्याचा हक्क सोडला. वीज कंपनी सगळ्यांची मिळून वीज एका ठिकाणी मोजते आणि एकच रक्कम देते. कोणाच्या पाट्यांवरून किती वीज आली ते मंडळी प्रत्येकाच्या मीटरवर वाचते आणि पैसे वाटते. वाटप चुकले तर मंडळी एका दिवसात फुटेल. ती का फुटली नाही? आम्हाला वाटते त्याचे मोठे कारण दूध आहे. १९४६ पासून या जिल्ह्यातली माणसे सकाळ-संध्याकाळ दुधाची रांग लावतात, माप आणि फॅट सगळ्यांच्या देखत होते, आकडा वहीत आणि सभासदाच्या पुस्तकात एकाच वेळी पडतो. दोन पिढ्या या सवयीत वाढलेल्या माणसांना विजेचे मीटर सर्वांदेखत वाचणे नवे नव्हते. पुढे आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या मदतीने २०१८ साली तशीच मंडळी झाली.

आपल्या कापूसपट्ट्याला अशी दुधाची सवय नाही. आपल्याकडे विश्वासाचा रस्ता पाहुण्यारावळ्यांतून जातो. हा रस्ता निकामी आहे असे नाही. लग्न, आजारपण, हातउसने, बैलजोडी, हे सगळे त्याच रस्त्याने निभते. पण धंद्यात त्याची एक मोठी खोट आहे. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक साधे निरीक्षण मांडले. नोकरीची बातमी माणसाला जिवलगांकडून कमी आणि जुजबी ओळखीच्या लोकांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. बाजारात भेटणारा परक्या गावचा माणूस नवी बातमी आणतो. सौरपंपाच्या बाबतीत आपल्याला जी बातमी हवी ती साडूकडे नाही. ती शेजारच्या तालुक्यातल्या, आपल्याला नावानेही माहीत नसलेल्या पन्नास शेतकऱ्यांकडे थोडीथोडी पडून आहे.

आणि साडूमार्फत आलेल्या कंपनीचा पंप बिघडला की काय होते तेही पाहा. शेतकरी कंपनीला फोन करत नाही, साडूला करतो. साडू आज-उद्या करतो. मोठा बोभाटा केला तर बहिणीच्या घरी वाईटपणा. म्हणून तो गिळून गप्प बसतो. कंपनीपर्यंत तक्रार जात नाही, गावाला कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात शेजारी त्याच साडूमार्फत तोच पंप घेतो. कंपनीने न कमावलेला विश्वास आपण आपल्या नात्यातून तिला उसना देतो आणि बुडाला तर नाते बुडते. सावकाराने सुद्धा इतका सोपा व्यवहार कधी केला नसेल.

पऱ्हाटीच्या धंद्यात ही दुखणी दोन्ही बाजूंनी दिसतात. कापूस संपल्यावर हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी शेतात उभी राहते. पूर्वी ती चुलीला जायची, आता बांधावर पेटवली जाते. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचे नागपूरचे केंद्र यांनी पऱ्हाटीपासून कांड्या आणि गोळ्या करण्याचे तंत्र बसवून दिले. २०२१ साली केंद्राने औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर अशा गोळ्या मिसळण्याचे धोरण ठरवल्यावर गिऱ्हाईकही दिसू लागले. फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटून शेत मोकळे झाले तर गुलाबी बोंडअळीचे बस्तानही मोडते. (सगळीच पऱ्हाटी मात्र देऊन टाकू नये. हलक्या जमिनीच्या पोटात काही कुजवलेच पाहिजे, नाहीतर जळणाचे पैसे खताच्या दुकानात परत जातील. आणि कडब्याला कोणी हात लावू देऊ नये.) आता या धंद्यात उतरलेली आपल्यातलीच तरुण पोरे आहेत. त्यांचे गाऱ्हाणे असे, की शेतकरी शंभर क्विंटलचा शब्द देतो आणि भाव वीस रुपयांनी चढला की दुसऱ्याच्या ट्रॉलीत भरतो. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे असे, की पोरगा ओल जास्त म्हणून वजन कापतो आणि पैसे पोळ्याला देतो. दोघेही खरे बोलतात. कंपनी पैसे थकवते म्हणून पोरगा थकवतो, हे तो सांगत नाही. आणि कंपनीने किती थकवले हे दहा गावच्या दहा पोरांनी एकमेकांना सांगितले तर त्यांना कळेल की ते प्रत्येकी एकटे अडकलेले नाहीत. धंद्यातली स्पर्धा सांभाळूनही एवढे बोलता येते. लेमच्या लोहाराला आणि हेरबोर्गच्या लोहाराला आले.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही एक साधा ठराव ठेवत आहोत. प्रत्येक गावाने ऊर्जेची एक वही ठेवावी. सौरपंप असेल तर कंपनीचे नाव, बसल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख, तक्रारीचा क्रमांक, माणूस आल्याची तारीख. जमीन भाड्याने दिली असेल तर करार कोणाशी, भाडे कोणत्या महिन्यात ठरले आणि कोणत्या महिन्यात आले. पऱ्हाटी दिली असेल तर वजन, कटती, भाव, पैसे मिळाल्याचा दिवस. कापसाच्या काट्यावर आपण जेवढे बारकाईने पाहतो तेवढेच इथे पाहायचे. वही पुढाऱ्याच्या घरी ठेवू नये, आमच्या कार्यकर्त्याच्याही नाही. आमची सूचना आहे की ती महिला बचत गटाकडे द्यावी. दर महिन्याला जमून, सगळ्यांदेखत पैसे मोजून, आकडा मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय आज गावात कोणाला असेल तर ती या बायकांना आहे. वर्षानुवर्षे त्यांनी ती टिकवली आहे, आणि गावातल्या बाकीच्या संस्थांचे दप्तर पाहता हे काही लहान काम नाही. तीन महिन्यांनी सगळ्या वह्यांतले आकडे एकत्र करून कंपनीवार तक्ता या पत्रिकेत छापण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ज्या कंपनीचे काम चांगले तिचेही आकडे तितक्याच ठळक छापू. चांगले काम करणाऱ्या होतकरू पोराला याहून मोठी जाहिरात मिळणार नाही.

या ठरावाला विरोध होईल. कमिशनवाले म्हणतील, गावात भांडणे लागतील. काही कंपन्या बदनामीची नोटीस पाठवू म्हणतील. म्हणून वहीत तारीख आणि आकडा एवढेच लिहायचे, शेरे आणि शिव्या लिहायच्या नाहीत. तारखेवर कोणाला नोटीस काढता येत नाही. काही जण असेही म्हणतील की हे सरकारचे काम आहे. आहेच. पंपांवर दूरून देखरेख करण्याचे यंत्र बसवलेले असते, त्यात रोजची वीज नोंदली जाते, आणि ते आकडे कंपनीवार, तालुकावार लोकांपुढे ठेवावेत ही मागणी आपण महावितरण आणि महाऊर्जाकडे लेखी करणार आहोत. पण ते आकडे बाहेर येईपर्यंत आपली वही कोरी ठेवण्याचे कारण नाही, आणि आल्यावर ते खरे की खोटे हे ताडून पाहायलाही वही लागेलच.

बैठकीला येताना सौरपंपवाल्यांनी मंजुरीचा कागद आणि तक्रारींचे मेसेज असलेला मोबाईल बरोबर आणावा. जमीन भाड्याने दिलेल्यांनी किंवा देण्याचे बोलणे चालू असलेल्यांनी कराराची झेरॉक्स आणावी, मूळ कागद घरीच ठेवावा. पऱ्हाटीच्या धंद्यातल्या पोरांसाठी दुपारी जेवणानंतर वेगळी बैठक ठेवली आहे. तिला शेतकऱ्यांनीही बसावे.